निराधार लेकरांची शाळा : पंडिता रमाबाई

२६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारत सरकारच्या टपाल खात्याने पंडिता रमाबाईंच्या स्मरणार्थ एक तिकीट प्रसिद्ध केले. राजधानी दिल्लीने एका मराठी ख्रिस्ती भगिनीचा केलेला तो गौरव होता. त्यांचे नाव आपल्यापैकी कोणालाच परके नाही. पवित्र शास्त्राच्या भाषांतरकर्त्या, विधवांच्या कैवारी, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका अशी त्यांची ओळख आपल्याला लहानपणापासून असते. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू आपल्या नजरेतून बहुधा निसटते. त्या स्वतः अनाथ होत्या आणि अनाथ असताना त्यांच्यापाशी एकच धन उरले होते : आईने दिलेली विद्या.

ज्याचे घर हरवले आहे असे लेकरू आपल्या दारी आले, तर आपण त्याला अन्न देऊ, वस्त्र देऊ, निजायला जागा देऊ. पण त्यानंतर काय? रमाबाईंनी आपले अवघे आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरासाठी वेचले. ते उत्तर आज आपल्या उपयोगी पडावे, म्हणून ही उजळणी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे हे त्या काळी पाप मानले जात असे, तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे जाऊन आपली बाजू मांडली. रमा अवघी काही महिन्यांची असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुढची अनेक वर्षे पुराणे सांगत गावोगाव फिरत राहिले. ना घर, ना शाळा. पण पहाट झाली, की लक्ष्मीबाई झोपलेल्या लेकीला हलकेच जागे करीत, मांडीवर घेत आणि श्लोक म्हणवून घेत. रमाबाईंची शाळा ती हीच. एका शिक्षिकेची आणि एका विद्यार्थिनीची!

पुढे १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. आधी वडील गेले. थोड्याच काळात आई गेली. मग मोठी बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच मागे राहिले. अनवाणी, अर्धपोटी अशी ती भावंडे उत्तरेकडे चालत गेली. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा झेलम नदीच्या काठी त्यांनी खड्डे खणले, त्यात शिरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. अशा स्थितीत १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरवले. वाचकहो, हा चमत्कार कशाने झाला? आईबापांनी मागे जमीनजुमला ठेवला नव्हता. ठेवले होते ते चोरांना चोरता येणार नाही असे धन.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमा ही कन्या जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. तेवीस वर्षांची ती विधवा तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींना शिकवण्यासाठी प्रशिक्षित स्त्रीशिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्रिया डॉक्टर झाल्या पाहिजेत, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने. परंतु त्यांना कानाने नीट ऐकू येत नव्हते, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. मग त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकल्या आणि तेथेच संस्कृतही शिकवू लागल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या सहवासात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. काही दिवसांचा हा प्रवास दोन वर्षांहून अधिक लांबला. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे खेळातून व हातांच्या कामातून लहान मुलांना शिकवण्याच्या रीतीचा, अभ्यास केला. मराठी मुलांसाठी सचित्र क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी तेथेच हाती घेतले. पण या काळात त्यांना आपली लहानगी मनोरमा इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठवावी लागली. दुसऱ्यांची लेकरे सांभाळण्याची तयारी करताना या मातेला स्वतःचे लेकरू दुसऱ्यांच्या हाती सोपवावे लागले! परक्या हातांत वाढणाऱ्या मुलाच्या मनात काय चालते आणि त्याच्या आईचे काळीज कसे तुटते, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः भोगल्या होत्या. पुढे केडगावात आलेल्या प्रत्येक मुलीकडे त्यांनी पाहिले, ते याच डोळ्यांनी.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी किती होत्या? फक्त दोन. आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. त्या बालपणीच विधवा झाल्या होत्या आणि आता शाळेचे वय कधीच उलटून गेले होते. पण वय झाले म्हणून रमाबाईंनी कोणाला दारातून परत पाठवले नाही. याच गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून महाराष्ट्रास माहीत झाल्या.

१८९० साली सदन पुण्यास आले. तेथे मोठीच कसोटी लागली. येथे विद्येच्या मिषाने धर्मांतर घडवले जाते, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर गृहस्थांनी १८९३ साली राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. हा वाद आपणही एकाच बाजूने पाहू नये. विश्वासाने सोपवलेल्या मुलाच्या मनाची जबाबदारी किती नाजूक असते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कोणावर सक्ती केली नाही आणि आपली प्रार्थनाही लपवली नाही. शाळा मात्र त्यांनी चालूच ठेवली.

यानंतर आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातील बातम्या कानी पडताच रमाबाईंना आपले आईवडील व बहीण आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांतून पोरक्या मुली उपाशी तर होत्याच, पण दुष्ट माणसांच्या तावडीत सापडत होत्या. त्यांनी सुमारे तीनशे मुलींना आणले. पुण्यात प्लेगची साथ होती आणि तेथे इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगाव येथे काही काळापूर्वी घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या व मांडव उभे राहिले. हेच मुक्तिसदन. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि केडगावचे कुटुंब सुमारे दोन हजारांवर गेले.

वाचकहो, क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. हाडांचे सापळे झालेल्या मुली. कोणी आजारी, कोणी अंध. कोणाची भाषा निराळी, कोणाला आपले वयही ठाऊक नाही. अन्न दिसताच झडप घालावी, उरलेले लपवून ठेवावे, कोणावर विश्वास ठेवू नये, एवढेच भुकेने त्यांना शिकवले होते. अशांना पाटीपेन्सिल देऊन रांगेत बसवले, तर त्या शिकतील का? रमाबाईंनी घाई केली नाही. आधी पेज आणि औषध, मग स्नान व स्वच्छ वस्त्र, मग प्रेमाचा शब्द आणि मग अक्षर, असा त्यांचा क्रम होता. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुली आता या नव्या मुलींच्या शिक्षिका आणि थोरल्या बहिणी बनल्या. इतक्या मोठ्या कुटुंबात प्रत्येक धाकट्या मुलीला आपले म्हणणारे कोणीतरी एक माणूस असावे, अशी ही व्यवस्था होती.

सर्वांना एकाच मापाने मोजण्याची चूकही त्यांनी केली नाही. लहानग्यांसाठी बालोद्यान होते. ज्यांना पुस्तकी विद्येत गती होती, त्यांना शिक्षिका होण्याचे शिक्षण मिळाले. इतरांना विणकाम, शिवण, शेती, गाईगुरांची निगा आणि छापखान्यातील खिळे जुळवण्याचे काम शिकवले गेले. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात केली आणि बोटांनी वाचण्याची विद्या त्यांच्या हाती दिली. ज्या मुलींना जगाने टाकून दिले होते, त्यांच्याच हातांनी पुढे मराठी पवित्र शास्त्राची पाने जुळवली!

मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी त्याच गेल्या. हा घाव सोसूनही रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालवलेल्या भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

आता आपल्या काळाकडे वळू. अनाथांची मोठमोठी वसतिगृहे हाच एक मार्ग, असे आज मानले जात नाही. शक्य तेथे मुलाने कुटुंबातच वाढावे, असा विचार आता कायद्यातही आला आहे. दिल्लीत संसदेने केलेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, आईबापांवाचून राहिलेल्या मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याची, म्हणजे प्रतिपालनाची, तरतूद आहे. बालकल्याण समितीच्या आदेशाने असे मूल कुटुंबाकडे सोपवले जाते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांसाठी आर्थिक साहाय्यही आहे.

पण घर मिळाले म्हणजे शाळा आपोआप मिळते, असे नाही. घर बदलताना मुलाची शाळा सुटते. दाखला मागे राहतो. वय वाढते आणि इयत्ता मागे पडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी देऊ केली आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून त्याला प्रवेश नाकारता येत नाही. राजधानी दिल्लीत खासगी शाळांच्या राखीव जागांसाठी अनाथ बालकांची गणना वंचित गटात केली जाते. कायद्याने दार उघडले आहे. पण मुलाचे बोट धरून त्या दारातून आत नेणारा माणूस कायदा कोठून आणणार?

तो माणूस आपण होऊ शकतो. प्रत्येकाला मूल घरी आणता येईल असे नाही. पण मंडळीतील एखाद्या कुटुंबाने असे मूल सांभाळले असेल, तर त्याच्या प्रवेशाच्या अर्जासाठी त्याच्यासोबत शाळेत जाणे, संध्याकाळी तासभर त्याच्याशेजारी बसून गणिते सोडवणे, पालकसभेत त्याच्या नावापुढची खुर्ची रिकामी राहू न देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. त्याने सुरुवातीस राग केला, खोटे सांगितले, पुस्तक फाडले, तर त्याला मंद वा वाईट ठरवू नये. केडगावच्या मुलींनाही आधी पेज लागली होती, अक्षर नंतर.

रानातल्या पहाटे एका आईने आपल्या लेकीला मांडीवर घेऊन शिकवले. ती आई दुष्काळात गेली, पण तिने दिलेली विद्या पुढे दोन हजार लेकरांपर्यंत पोहोचली. आज ज्या लेकराला अशी मांडी नाही, त्याच्याशेजारी उद्या संध्याकाळी जाऊन बसण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.