ज्यूदोचे जनक जिगोरो कानो

सशक्ताने अशक्ताला नमवावे, ही जगाची रूढ रीत आहे. परंतु अंगी फारसे बळ नसलेल्या माणसालाही बलाढ्य प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळवून त्याला भूमीवर पाडता येते, हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करून दाखविणारा एक थोर पुरुष जपानमध्ये होऊन गेला. त्याचे नाव जिगोरो कानो. ज्यूदो हा जगभर खेळला जाणारा खेळ ही त्याचीच निर्मिती होय.

जिगोरोचा जन्म १८६० साली कोबे शहराजवळील मिकागे या समुद्रकाठच्या गावी एका सुखवस्तू घराण्यात झाला. लहानपणीच त्याचे मातृछत्र हरपले. पुढे लवकरच वडिलांनी त्याला टोकियोला नेले आणि त्याच्या शिक्षणाची उत्तम व्यवस्था केली. जिगोरोची बुद्धी तल्लख होती. प्राचीन चिनी ग्रंथ, सुलेखन आणि इंग्रजी भाषा या सर्व विषयांत त्याने चांगली गती मिळविली. शरीराने मात्र तो अगदीच किरकोळ होता. ऐन तारुण्यातही त्याची उंची पाच फूट दोन इंच आणि वजन अवघे ४१ किलोग्रॅम होते. शाळेच्या वसतिगृहातील दांडगट मुले त्याला छळीत आणि मारहाण करीत. अभ्यासात पुढे असलेल्या त्या मानी मुलाला हा अपमान फार झोंबे.

जुजुत्सू नावाची एक जुनी विद्या आहे आणि तिच्या बळावर लहानखुरा माणूसही धिप्पाड माणसाला लोळवू शकतो, असे त्याच्या कानी आले होते. ही विद्या आपण शिकायचीच, असा त्याने निश्चय केला. परंतु ती शिकवणार कोण? १८६८ साली जपानमध्ये मोठी राज्यक्रांती झाली होती. सामुराई योद्ध्यांचे अधिकार संपुष्टात आले होते आणि जो तो पाश्चात्त्य विद्येच्या मागे लागला होता. जुजुत्सूसारख्या जुन्या युद्धकला टाकाऊ ठरू लागल्या होत्या. वडिलांनाही मुलाचा हा छंद पसंत नव्हता. ज्या परिचितांना ती विद्या येत होती, त्यांनीही त्याला शिकविण्याचे नाकारले.

तथापि जिगोरोने हार मानली नाही. पोट भरण्यासाठी जुजुत्सूचे अनेक जुने जाणकार हाडवैद्याचा व्यवसाय करू लागले होते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून हाडवैद्यांच्या पाट्या शोधीत तो टोकियोच्या गल्ल्यांतून हिंडू लागला. अखेर १८७७ साली, म्हणजे ज्या वर्षी तो टोकियो विद्यापीठात दाखल झाला त्याच वर्षी, हाचिनोसुके फुकुदा या गुरूंची आणि त्याची गाठ पडली. फुकुदांची शिकविण्याची पद्धत विलक्षण होती. एखादा डाव कसा करावयाचा, असे शिष्याने विचारले, की ते तोंडाने काही न सांगता त्याला पुनःपुन्हा तोच डाव घालून पाडीत. विद्या अंगानेच शिकावी लागते, असा त्यांचा विश्वास होता. जिगोरोचे अंग ठेचकाळून निघे. परंतु त्याने एकही दिवस कंटाळा केला नाही.

फुकुदांच्या शिष्यांत फुकुशिमा नावाचा एक भारदस्त गडी होता. जिगोरोला तो काही केल्या हार जात नसे. तेव्हा जिगोरोने बुद्धीचा आश्रय घेतला. प्रथम त्याने सुमो या जपानी कुस्तीतील डाव करून पाहिले. ते निरुपयोगी ठरले. मग त्याने पाश्चात्त्य कुस्तीवरील एक पुस्तक मिळविले आणि त्यातील एक डाव घोटून तयार केला. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला खांद्यांवर आडवा उचलावयाचा आणि खाली टाकावयाचा, असा तो डाव होता. एके दिवशी त्याने तो फुकुशिमावर टाकला आणि तो अवजड गडी जमिनीवर आला. पुढे हाच डाव ज्यूदोत रुजू झाला.

१८७९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट जपानच्या भेटीस आले असता, त्यांच्यासमोर जुजुत्सूचे प्रयोग करून दाखविणाऱ्यांत गुरूंसमवेत जिगोरोही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा निवर्तले. पुढे इसो आणि ईकुबो या गुरूंपाशी त्याने निरनिराळ्या परंपरांचे शिक्षण घेतले. या काळात त्याच्यात एक मोठा पालट झाला. पूर्वी तो तापट होता. आता त्याचे मन शांत झाले. दांडगटांना धडा शिकविण्यासाठी त्याने विद्या आरंभिली होती. परंतु विद्या हाती येता येता सूडाची इच्छाच मावळून गेली. ज्या विद्येने आपल्याला आवरावयास शिकविले, ती सर्व तरुणांना लाभली पाहिजे, असे त्याला वाटू लागले.

१८८२ साली, विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुरा करून अध्यापनास आरंभ केलेल्या या तरुणाने टोकियोतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात आपली शाळा काढली. तिचे नाव कोदोकान. मार्गाच्या अध्ययनाचे स्थान, असा त्या नावाचा भावार्थ आहे. जागा केवळ बारा चटयांची होती आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी अवघे नऊ होते. शिष्य एकमेकांना आपटू लागले, की मंदिरातील मृतांच्या स्मृतिफलकांना हादरे बसत आणि पुजारी त्रासून जात. तेव्हा कानो स्वतः जमिनीखाली शिरून फळ्यांची दुरुस्ती करीत.

जुन्या विद्येतील घातक डाव त्यांनी सरावातून वगळले. पाडलेल्या माणसाला इजा होऊ नये, म्हणून पडावे कसे, याचेच शिक्षण त्यांनी आधी देण्यास सुरुवात केली. प्रत्येक डावाच्या मुळाशी कोणते तत्त्व आहे, याचा त्यांनी शोध घेतला. उभ्या माणसाचा तोल एकदा ढळला, की त्याच्या बळाचा त्याला उपयोग उरत नाही, हे ते तत्त्व होय. कोणी आपल्याला ढकलू लागला, तर त्याला उलट न ढकलता किंचित मागे सरावे. म्हणजे तो आपल्याच जोराने पुढे कलंडतो आणि अल्प बळानेही पडतो. जुजुत्सू या नावातील 'जुत्सू' म्हणजे कला. कानो यांनी तो शब्द काढून त्या जागी 'दो', म्हणजे मार्ग, हा शब्द घातला. 'जु' म्हणजे मृदुता. म्हणून ज्यूदो म्हणजे मृदुतेचा मार्ग.

जुन्या परंपरांच्या शाळांनी कोदोकानला आव्हाने दिली. टोकियोच्या पोलिसांनी भरविलेल्या सामन्यांत शिरो साइगो यांच्यासारख्या शिष्यांनी उत्तम कामगिरी केली आणि नव्या विद्येचा नावलौकिक वाढला. परंतु कानो यांना विजयापेक्षा वृत्ती अधिक मोलाची वाटे. युरोपातून परत येताना जहाजावर एका दणकट रशियन माणसाशी त्यांची झटापट झाली. त्यांनी त्याला उचलून फेकले. परंतु त्याचे डोके आपटू नये म्हणून पडता पडता हाताने सावरूनही धरले, असे सांगतात. ज्यूदोचे सारे मर्म या एका प्रसंगात सामावले आहे.

कानो हे व्यवसायाने शिक्षक होते, हे विसरता येत नाही. १८९३ साली ते टोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे प्रमुख झाले आणि मधले काही खंड वगळता १९२० सालापर्यंत त्यांनी ते पद भूषविले. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही त्यांनी शाळा चालविली. थोर चिनी साहित्यिक लू शुन हे तिचे विद्यार्थी होते. १९२६ साली कोदोकानमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. आपल्या शिकवणीचे सार त्यांनी दोन सूत्रांत सांगितले. आपल्या शक्तीचा सर्वोत्तम उपयोग करावा, हे पहिले सूत्र. आपला आणि इतरांचा उत्कर्ष एकत्र साधावा, हे दुसरे. कोदोकानचे शिक्षक देशोदेशी गेले. १९२९ साली शिंझो ताकागाकी हे शिक्षक भारतात आले आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात त्यांनी ज्यूदो शिकविले.

१९०९ साली कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई गृहस्थ होत. १९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिकला ते जपानचे पहिले पथक घेऊन गेले. पथकात खेळाडू केवळ दोन होते. दोघांनाही यश आले नाही. मॅरेथॉनचा धावपटू कानाकुरी तर उन्हाच्या तडाख्याने वाटेतच कोसळला. तथापि पहिल्या पावलाचे मोल कानो जाणून होते. १९३६ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी १९४० च्या ऑलिंपिकचा मान टोकियोला मिळवून दिला.

परंतु दुसऱ्याच वर्षी जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. टोकियोला दिलेला मान काढून घ्यावा, असा सूर निघू लागला. १९३८ साली वृद्ध कानो कैरो येथील बैठकीस गेले आणि त्यांनी तो मान टिकविला. परतीच्या प्रवासात हिकावा मारू या जहाजावर न्यूमोनियाचा आजार होऊन ४ मे १९३८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये युद्धामुळे जपानने ऑलिंपिकचे यजमानपद सोडून दिले. आपला उत्कर्ष इतरांच्या उत्कर्षासह साधावा, असे आयुष्यभर शिकविणाऱ्या पुरुषाचे स्वप्न राष्ट्राराष्ट्रांतील वैराने मोडले.

ते पुरे होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑलिंपिक टोकियोत भरले आणि त्यात ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या धिप्पाड अँटन हेसिंक याने जपानच्या कामिनागाला हरविले. प्रेक्षागारात दुःखाची छाया पसरली. हेसिंकचे देशबांधव आनंदाच्या भरात मैदानाकडे धावले; परंतु त्याने हात वर करून त्यांना जागीच थांबविले. मग त्याने पराभूत प्रतिस्पर्ध्याला रीतसर वंदन केले. त्या दिवशी जपानचा खेळाडू हरला. परंतु कानो यांची शिकवण परदेशी माणसाच्या अंगी किती खोल रुजली आहे, ते साऱ्या जगाने पाहिले. प्रतिस्पर्ध्याला जिंकावे, परंतु त्याचा मान राखावा, हाच तो मृदुतेचा मार्ग होय.