जागतिक खेड्याचे प्राध्यापक

जग हे एक खेडे झाले आहे, असे आपण सहज म्हणतो. ही कल्पना रूढ करणारे मार्शल मॅक्लुहान मात्र आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. कॅनडात १९११ साली जन्मलेले मॅक्लुहान १९३७मध्ये कॅथलिक झाले. टोरांटोच्या सेंट मायकल्स कॉलेजात शिकवताना ते रोज मिस्साला जात. बातमीपेक्षा ती आणणारे साधनच माणसाला अधिक बदलते, असे त्यांनी १९६४च्या ग्रंथात मांडले. १९७७च्या ‘ॲनी हॉल’ चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर येतात आणि त्यांच्या नावावर पांडित्य मिरवणाऱ्याला गप्प करतात. (असे पंडित आपल्यातही आहेतच!) बोलणे हेच ज्यांचे जगणे, त्यांची वाचा १९७९मध्ये पक्षाघाताने जवळजवळ गेली. ३१ डिसेंबर १९८० रोजी ते झोपेतच देवाघरी गेले. १९९३मध्ये निघालेल्या ‘वायर्ड’ मासिकाने त्यांना आपला आश्रयदाता संत ठरवले. तेही ख्रिस्तसभेला न विचारता!