ब्रुनो मादेर्ना : नव्या संगीताचा कंडक्टर

बालमित्रांनो, कंडक्टर म्हटले की तुमच्या आजोबांना एस.टी.त तिकिटे फाडणारा आठवेल. वाद्यवृंदाचा कंडक्टर निराळा. तो स्वतः काही वाजवत नाही, पण सत्तर-ऐंशी वादकांनी कधी, किती जोरात आणि किती लयीत वाजवायचे ते हाताने दाखवतो. मुंबईच्या झुबिन मेहतांमुळे हे काम आपल्या लोकांना ऐकून माहीत आहे. आज आम्ही ज्यांच्याविषयी सांगणार आहोत ते ब्रुनो मादेर्ना मात्र जिवंत संगीतकारांच्या, नुकत्याच लिहिलेल्या रचनांसाठी प्रसिद्ध होते.

मादेर्नांचा जन्म 21 एप्रिल 1920 रोजी इटलीत व्हेनिस येथे झाला. आई लहानपणीच वारली. वडिलांचा नाचगाण्याचा बँड होता, त्यात हा मुलगा व्हायोलिन वाजवी. बारा वर्षांच्या आसपास तर मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभे राहून तो कंडक्टर म्हणून काम करू लागला. लोक 'ब्रुनेत्तो'ला बघायला गर्दी करत. आम्हां पालकांना वाटते, हे कौतुक कमी आणि मुलाचा खेळ मांडणे जास्त होते. सुदैवाने व्हेरोनाच्या इर्मा मानफ्रेदी या बाईंनी त्याला आपल्या घरी नेले व नीट शिक्षण दिले. पुढे महायुद्धाच्या अखेरीस ते फॅसिस्टांविरुद्धच्या लढ्यात सामील झाले.

युद्धानंतर हेर्मान शेर्खेन यांच्याकडे ते कंडक्टरचे काम शिकले आणि जर्मनीतील डार्मश्टाट येथे तरुण संगीतकारांच्या मेळाव्यात रमले. 1955 साली लुचानो बेरिओंबरोबर त्यांनी मिलानच्या रेडिओत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. त्याआधीच, 1952 मध्ये, त्यांनी एक बासरीवादक आणि टेपरेकॉर्डर यांची जुगलबंदी लिहिली होती.

नवे संगीत वाजवून घेणे इतके कठीण का? आपल्या तीनतालात सोळा मात्रांनी सम येतेच. चुकलेला वादक समेवर पुन्हा सापडतो. या संगीतात एका ओळीत पाच मात्रा, पुढच्या ओळीत सात, आणि सम नाहीच. चुकला तो हरवला. त्यात तालमी मोजक्याच मिळतात, वादक कुरकुरतात आणि श्रोते उठून जातात. 1961 साली व्हेनिसला लुईजी नोनो या त्यांच्याच शिष्याच्या ऑपेराचा पहिला प्रयोग मादेर्नांनी केला, तेव्हा नवफॅसिस्टांनी नाट्यगृहात गोंधळ घातला. मादेर्नांनी प्रयोग शेवटपर्यंत नेला.

आता आपल्या हॉलंडकडे येऊ. पाच तरुण डच संगीतकारांनी 1966 मध्ये मागणी केली की अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदात बर्नार्ड हाइटिंक यांच्या जोडीला नव्या संगीतासाठी मादेर्नांना नेमावे. ती मान्य झाली नाही. 17 नोव्हेंबर 1969 रोजी हाइटिंक यांची मैफल सुरू होताच प्रेक्षागृहातून खुळखुळे आणि शिट्ट्या वाजू लागल्या. लुई आंद्रिसेन, राइनबर्ट द लेऊ, पेटर स्खाट आणि त्यांचे मित्र चर्चा मागत होते. बहुतेक श्रोते चिडले आणि मंडळींना बाहेर काढण्यात आले. डच भाषेत 'नोटेन' म्हणजे सुरांच्या खुणा आणि अक्रोड-बदामही, म्हणून हे लोक 'अडकित्तेवाले' ठरले. (तुम्हां मुलांना हा विनोद आमच्यापेक्षा लवकर कळेल!) मैफल बंद पाडणे आम्हांला पटत नाही, पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता : सरकारच्या पैशावर चालणाऱ्या वाद्यवृंदाने आज लिहिणाऱ्यांना किती जागा द्यायची?

मादेर्नांना ते पद मिळालेच नाही. तरी ते इकडे येत राहिले, हेगच्या रेसिडेन्सी वाद्यवृंदाबरोबर काम करत राहिले. आणि 16 मार्च 1973 रोजी त्यांच्या 'सातीरिकोन' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तो स्खेवेनिंगेनच्या सर्कस थिएटरात, म्हणजे आपल्या फोरबर्गहून सायकलने जाता येईल इतक्या जवळ. तुमच्यापैकी काहींनी तिथेच 'लायन किंग' पाहिले असेल. या ऑपेरातील प्रवेशांना ठरलेला क्रम नाही. प्रत्येक प्रयोगात तो नव्याने लावता येतो. आमच्या धंद्यात अशा सुट्या भागांना मॉड्यूल म्हणतात. भाग जोडताना सांधा दिसू न देणे किती अवघड, हे आम्हांला रोजच्या कामावरून माहीत आहे.

त्या वेळी ते फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. त्याच वर्षी डच वादक हान द व्हरीस यांच्यासाठी त्यांनी ओबोचा तिसरा कॉन्सर्टो लिहिला. 13 नोव्हेंबर 1973 रोजी डार्मश्टाट येथे, वयाच्या 53 व्या वर्षी ते वारले.

पुढच्याच वर्षी राइनबर्ट द लेऊ यांनी हेगच्या संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन शोनबर्ग आँसाम्ब्ल सुरू केले. आधुनिक संगीतासाठी मोठ्या वाद्यवृंदाची परवानगी मागायची त्यांना आता गरज उरली नाही. आणि 1975 साली लंडनला पियेर बुलेझ यांनी मादेर्नांच्या स्मृतीसाठी एक रचना सादर केली. तिच्यात वाद्यवृंदाचे आठ गट एकमेकांपासून दूर बसतात.