वेदांचा अभ्यासक शेताच्या बांधावर

आमच्या बिदरच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी, बाया आणि गावातली तरुण पोरं प्रशिक्षणाला येतात. विद्यापीठातलं ज्ञान शिवारापर्यंत जावं, हे आज साधं वाटतं. त्यासाठी झटलेल्यांपैकी एक म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख.

१८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरही झाले. एवढं शिकून ते गावाकडे परतले. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढले. श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून त्यांनी बहुजनांच्या मुलांना शाळेची वाट दाखवली.

१९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते. जपानी पद्धतीची भातशेती त्यांनी गावोगावी पोचवली. १९५५ मध्ये भारत कृषक समाज उभारला. पुढे दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं.

१९६५ मध्ये ते गेले. चार वर्षांनी अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं. आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं, पण ते पाहायला पंजाबराव नव्हते.

आपण साहित्याचे विद्यार्थी. पोथ्यांचा हा अभ्यासक मातीत उतरला. आपलं शिक्षण गावाच्या किती कामाला येतं, हे आपणही स्वतःला विचारायला हवं ना?