खाशाबांची हजार बैठका आणि न मिळालेला अर्धा तास

समजा, दोन मित्र सकाळी महाडच्या चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारतात आणि रविवारी रायगड पायी चढतात. दोघांसाठी तळे तेच आणि गडाच्या हजारभराहून जास्त पायऱ्याही त्याच. वर पोचल्यावर मात्र एक जण गप्पा मारत उभा असतो, तर दुसरा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असतो. पायऱ्या मोजल्या तर दोघांचा व्यायाम सारखाच भरतो. त्यांच्या शरीरांना विचारले तर उत्तर वेगळे येते. व्यायाम किती झाला आणि तो किती कठीण गेला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. ताकदीच्या व्यायामात तर हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो. तो समजून घ्यायला पैलवान खाशाबा जाधव यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांतले हे शेंडेफळ. लाल मातीची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे तालमींचे गाव. तिथे पैलवानाची मेहनत जोर-बैठकांच्या आकड्यात मोजायची पद्धत. खाशाबा एका वेळी हजारभर बैठका आणि दोनशे ते तीनशे जोर काढत, अशी आठवण त्यांच्या सोबतचे लोक सांगत.

हा आकडा आजही छाती दडपवतो. व्यायामशास्त्राच्या भाषेत तो व्यायामाचा आकार सांगतो. जिममध्ये हाच आकार वजन, आवर्तने आणि सेट यांच्या गुणाकाराने काढतात. ४० किलो वजन १० वेळा, असे ३ सेट उचलले, तर एकूण १,२०० किलो झाले. पण जो जास्तीत जास्त ५५ किलो उचलू शकतो, त्याला हे १,२०० किलो घाम फोडतील, आणि जो ९० किलो उचलतो त्याला ती तयारीची कसरत वाटेल. जोर-बैठकांतही तसेच. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे ५५ किलोच्या आणि ८५ किलोच्या माणसाने २० जोर काढले, तर आकडा एकच असला तरी काम एक नसते. म्हणून मुरलेला वस्ताद नुसते आकडे मोजत नाही. पठ्ठ्याचा श्वास कसा चाललाय, शेवटच्या पन्नास बैठका सरळ होतात की कंबर वाकते, दुसऱ्या दिवशी तो हौद्यात कसा उतरतो, हे तो बघतो.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. ताकद आणि दम यांत ते कमी नव्हते, पण खेळ मातीऐवजी मॅटवर होता आणि नियमही निराळे होते. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना तयार केले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. इथेही व्यायामाचा एक धडा आहे. सवयीची कसरत शरीराला सोपी जाते, आणि पृष्ठभाग, पकड किंवा चाल बदलली की तेवढेच काम जड होते. म्हणूनच नवा व्यायाम सुरू करताना जुन्या व्यायामाचा आकडा जसाच्या तसा पुढे चालवू नये.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची अडचण पुन्हा उभी राहिली. खाशाबांनी गावोगाव मदत मागितली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. या वेळी खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाच्या पॉलिक्वीनला त्यांनी १४ मिनिटे २५ सेकंदांत चीत केले. मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झलाही हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही लढत लांबली आणि खाशाबा हरले.

पुढे जे घडले ते चटका लावणारे आहे. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण इशीशी झुंजून थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर बोलावण्यात आले. त्यांच्या बाजूने नियम सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. खाशाबा मॅटवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

अर्ध्या तासाने निकाल बदलला असता की नाही, हे कोणी ठरवू शकत नाही. शरीरात काय फरक पडला असता, हे मात्र सांगता येते. जोरदार झटापटीत स्नायू आधी स्वतःजवळचा झटपट वापरायचा ऊर्जासाठा खर्च करतात. तो काही मिनिटांत बराचसा भरून येतो. रक्तात वाढलेले लॅक्टेट खाली यायला मात्र अर्धा ते एक तास लागू शकतो. तोवर पकड ढिली पडते आणि हालचाली मंदावतात. म्हणजे दुसरी लढत तेवढ्याच मिनिटांची असली, तरी थकलेल्या शरीराला ती कितीतरी जड जाते. व्यायामाची कठीणता मोजताना मधली विश्रांतीही हिशेबात धरावी लागते, ती यासाठी. दोन सेटमध्ये तीन मिनिटे थांबून केलेला व्यायाम अर्धा मिनिट थांबून केला, तर तो वेगळाच व्यायाम होतो.

मग ही कठीणता मोजायची कशी? खाशाबा लढत होते तेव्हा यासाठी सोपे साधन हाताशी नव्हते. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी साधा विचार मांडला: ज्याला कष्ट पडतात त्यालाच विचारावे. त्यांनी ६ ते २० अशी मोजपट्टी केली, कारण नाडीचे ठोके साधारण ६० ते २०० च्या दरम्यान असतात. नंतर ० ते १० ची सुटसुटीत पट्टी आली. ० म्हणजे आराम, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही.

ताकदीच्या व्यायामात नाडी पूर्ण चित्र सांगत नाही, कारण जड वजनाचा सेट मिनिटभरात संपतो. तिथे स्वतःला एक प्रश्न विचारावा: अजून किती वेळा जमले असते? एकदाही नाही, तर १०. एकदा जमले असते, तर ९. दोनदा, तर ८. पूर्ण व्यायामाचा अंदाज घ्यायचा तर संपल्यावर अर्ध्या तासाने एकच गुण द्यावा आणि त्याला मिनिटांनी गुणावे. ४५ मिनिटांना ६ गुण दिले तर २७० झाले. हा आकडा वहीत लिहावा आणि आठवड्याची बेरीज बघावी. बेरीज एकदम उडी मारत असेल, झोप उडत असेल, रोजचेच वजन जड वाटू लागले असेल, तर एक-दोन दिवस हलके घ्यावे. नवख्यांनी ६ ते ७ च्या आसपास राहावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्तीची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. भारताच्या पुढच्या वैयक्तिक पदकासाठी १९९६ उजाडावे लागले.

हजार बैठका मोजणारे त्यांच्या भोवती पुष्कळ होते. हेलसिंकीत, ते किती थकले आहेत हे पाहून अर्धा तास मागून घेणारा एकही नव्हता. आपल्याला तरी कोणाची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या वेळी रायगड चढताना किंवा डंबेल खाली ठेवताना पायऱ्या आणि किलो मोजाच, पण त्यापुढे ० ते १० मधला एक आकडाही लिहा. तो फक्त आपले शरीरच सांगू शकते.