अमृतसरचे डॉ. विद्यासागर

चंदनसारहून ठाण्याचें मनोरुग्णालय फार दूर नाहीं. तें १९०१ सालापासून तेथें उभें आहे. आमच्या वसई-विरार भागांतील कित्येक घरांना त्याची वाट ठाऊक आहे, परंतु त्याविषयीं मोकळेपणानें कोणी बोलत नाहीं. घरांतील सून कोपऱ्यांत बसून राहूं लागली, किंवा कर्ता मुलगा रात्रभर जागून स्वतःशींच पुटपुटूं लागला, म्हणजे प्रथम बाहेरची बाधा मानावयाची, मग भगत गांठावयाचा, आणि सर्व उपाय थकल्यावर रुग्णालयाचें दार आठवावयाचें, असा क्रम असतो. आमच्या ओळखीच्या एका घरीं असेंच झालें. त्या बाईला तेथें पोंचविल्यावर पुढें तिला भेटावयास कोणी गेलें नाहीं. आम्हीही गेलों नाहीं. म्हणून ज्या वैद्यानें रुग्णाच्या आप्तांनाच फाटकाच्या आंत बोलाविलें, त्याची हकीकत येथें सांगावीशी वाटते.

विद्यासागर हे पंजाबांतील मनोविकारवैद्य. १९४७ च्या फाळणीनें पंजाबचे दोन तुकडे झाले, तेव्हां प्रांताचें मोठें मनोरुग्णालय लाहोरास, म्हणजे सीमेपलीकडे राहिलें. तेथील सुमारें ४५० हिंदु व शीख रुग्ण १९५० सालीं अदलाबदलींत इकडे आणले गेले, व त्यांतील बहुतेकांची सोय अमृतसर येथें झाली. ज्यांना आपलें गांवही नीट सांगतां येत नव्हतें, त्यांना देश बदलल्याचें कोणी कसें समजाविलें असेल, कोण जाणे! त्या दशकांत ह्या अमृतसरच्या रुग्णालयाचे अधीक्षक विद्यासागर होते.

रुग्ण फार आणि सेवक थोडे, अशी तेथील स्थिति होती. शिवाय १९१२ च्या कायद्याप्रमाणें रुग्णास बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें दाखल करीत. आप्त त्याला फाटकाशीं सोडून जात, आणि पुष्कळदां तें जाणें कायमचेंच ठरे. विद्यासागरांनीं ही रीत उलटी केली. रुग्णालयाच्या आवारांत त्यांनीं तंबू ठोकविले आणि आप्तांना रुग्णासह तेथें राहावयास लाविलें. रुग्णास जेवूं घालणें, त्याच्या झोपेवर नजर ठेवणें, तो चवताळला असतां त्याला न मारतां, न बांधतां सांभाळणें, हीं कामें घरच्या माणसांकडे आलीं. विद्यासागर रुग्ण व आप्त ह्यांना एकत्र बसवून त्यांच्याशीं बोलत. हा आजार कसा ओळखावा, त्यांत काय करावें व काय टाळावें, हें ते सोप्या भाषेंत सांगत, आणि लोकांच्या परिचयाच्या धर्मग्रंथांतील कथांचा आधार घेत. हा मार्ग अडचणींतून निघाला, मोठ्या सिद्धांतांतून नव्हे, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडते.

परिणाम दुहेरी झाला. शेजारच्या तंबूंतील रुग्ण बरा होऊन घरीं निघालेला डोळ्यांनीं पाहिल्यावर, हें दुखणें असाध्य आहे ही समजूत टिकेना. दुसरें असें कीं, घरीं परतणाऱ्या रुग्णाबरोबर त्याची शुश्रूषा शिकलेलें माणूसही परत जाई. झोंप उडाली, बोलणें तुटलें, संशय वाढला, तर वेळींच उपचार करावयाचे हें त्याला कळलेलें असे. एका तंबूंत घेतलेलें असलें ज्ञान एका गांवाच्या उपयोगीं पडूं शकतें. मात्र ह्याचा सर्व भार घरच्या बायकांवरच पडूं नये, इतकें आम्ही आपल्या पदरचें येथें जोडतों.

अशीच वाट वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानें १९५७ सालापासून धरली. तेथें रुग्णासोबत घरचें माणूस ठेवून घेत. पुढें १९७५ च्या सुमारास चंदिगडजवळील रायपूर राणी आणि बंगलोरजवळील सकलवारा येथें खेड्यांतील साध्या आरोग्यसेवकांना मनोविकार ओळखावयास शिकविण्याचे प्रयोग झाले, आणि १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

विद्यासागरांनीं पुढें रोहतकच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही काम केलें. १९७८ सालीं ते वारले. अमृतसरच्या त्या रुग्णालयास त्यांचें नांव देण्यांत आलें आहे.