विनोबा भावे: अल्सर सोबत घेऊन तेरा वर्षं पायी

विनोबा म्हटलं की आपल्याला भूदान आणि गीताई आठवते. त्यांची प्रकृती मात्र आयुष्यभर नाजूक होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. दीर्घ आजाराचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांचं आयुष्य या बाजूनेही पाहावं.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आत्ताच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी झाला. आईला गीता समजेल अशा सोप्या मराठीत हवी होती. १९१८ मध्ये आई गेली. पुढे १९३०-३१ मध्ये विनोबांनी गीताई रचली आणि ती घरोघरी प्रार्थनेत म्हटली जाऊ लागली. सर्व धर्मांतली ईश्वराची नावं गुंफलेली प्रार्थनाही त्यांचीच.

वजन ४० किलो

१९३८ मध्ये ते इतके खंगले की वजन सुमारे ४० किलोवर आलं. गांधीजींना काळजी वाटू लागली. विनोबा वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले आणि कामाची सगळी चिंता त्यांनी बाजूला ठेवली. शेतात खणायला सुरुवात केली ती रोज थोडी मिनिटंच. मग हळूहळू वेळ वाढवत नेली. वर्षभराच्या आत वजन चांगलं वाढलं. आजारातून उठल्यावर व्यायाम असाच सुरू करावा: थोडा, रोज आणि बेताने वाढवत.

पोटात अल्सर, पायात प्रवास

१९५१ मध्ये भूदानाची पदयात्रा सुरू झाली तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, त्यांना अल्सर होता. आहार मुख्यतः दूध आणि दही, तोही थोडा थोडा. चालणं पहाटे. पोटाला झेपेल असा दिनक्रम आखून १९६४ पर्यंत ते देशभर चालले.

डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिल इथे त्यांना गंभीर मलेरिया झाला. आधी त्यांनी औषध नाकारलं. प्रकृती ढासळत गेली, तेव्हा अनेकांच्या विनंतीवरून ते घेतलं, बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. औषध घेतल्याने त्यांचं व्रत मोडलं नाही, पदयात्रा वाचली.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं. १५ नोव्हेंबरला पवनारला ते गेले. ८७ व्या वर्षी, आयुष्यभराच्या साधनेनंतर घेतलेला तो त्यांचा निर्णय होता. त्याचा दाखला देऊन कुणीही आपली औषधं बंद करू नयेत.

आज अल्सर असेल तर

त्याच १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला. ड्युओडेनमचे बहुतेक अल्सर या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. विनोबांच्या काळी पथ्य पाळून दिवस काढावे लागत. आज श्वासाची किंवा शौचाची तपासणी अथवा एंडोस्कोपी करून जंतू शोधता येतो आणि बहुधा १४ दिवसांच्या औषधांनी तो जातो.

दुधाने जळजळ तेवढ्यापुरती थांबते, पण नंतर आम्ल उलट वाढू शकतं. म्हणून त्यांचा आहार जसाच्या तसा उचलू नका. वारंवार पोट दुखत असेल तर तपासून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच झालं तर थेट रुग्णालयात जा.

विनोबांकडून घ्यायचं ते एवढंच: शरीराची मर्यादा ओळखायची, तिच्याप्रमाणे दिवस आखायचा आणि हातातलं काम सोडायचं नाही. जो आजार आज बरा होऊ शकतो, तो सोसत बसणं मात्र त्यात येत नाही.